निंजाच्या पोथीत आज वाचण्यासारखे काय आहे

जिनिची कावाकामी हे जपानच्या कोका भागातल्या बान गटाच्या निंजा परंपरेचे 21वे प्रमुख. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांचे शिक्षण सुरू झाले, पुढे त्यांनी इंजिनिअर म्हणून नोकरी केली, 2011 मध्ये मिए विद्यापीठाने त्यांना अध्यापनासाठी बोलावले. आपल्यामागे वारस नेमायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे आणि ते जाहीरपणे सांगितलेही आहे. त्यांचे कारण असे: ही विद्या युद्धाच्या काळातली आहे, आजच्या जगात तिला जागा नाही. विषाची कृती हातात असली तरी ते विष लागू पडते का, हे कुणावर तपासून पाहणार? जी विद्या वापरून बघता येत नाही, ती शिकवायची कशी?

कावाकामींच्या अधिकाराविषयी शंका नाही. विष, जाळपोळ, खून यांच्याबाबत ते म्हणतात ते पूर्ण खरे आहे. पण त्यांचा निष्कर्ष अर्ध्याच विद्येला लागू होतो, असे माझे मत आहे. शिनोबींच्या, म्हणजे निंजांच्या, पोथ्यांचा मोठा भाग मारण्याविषयी नाहीच. दुसऱ्याच्या घरात, गोटात, मनात माणूस कसा शिरतो आणि त्याला कसे अडवायचे, हा त्यांचा खरा विषय आहे. आणि आज सामान्य माणसाला याची जितकी गरज आहे, तितकी ती 17व्या शतकातल्या जपानी शेतकऱ्यालाही नसेल. जतन करणाऱ्यांचे लक्ष मात्र काळा पोशाख, तलवार आणि शुरिकेन, म्हणजे फेकायची टोकदार पाती, यांच्यावरच खिळून राहिले आहे. चूक तिथे आहे.

आधी पोथ्यांविषयी. शिनोबी-विद्येचे तीन ग्रंथ प्रमुख मानले जातात. कोकाशेजारच्या इगा प्रांतातल्या फुजिबायाशी यासुताके यांनी 1676 मध्ये संकलित केलेला 22 खंडांचा ‘बानसेनशूकाई’, किशूच्या नातोरी घराण्यातला 1681 चा ‘शोनिन्की’ आणि हात्तोरी घराण्याच्या नावाने चालत आलेला ‘निनपिदेन’. यातल्या पहिल्या दोघांच्या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ओदा नोबुनागा या सरदाराने इगा चिरडला तो 1581 मध्ये. शिनोबींची शेवटची मोठी मोहीम म्हणजे क्यूशू बेटावरचे शिमाबाराचे बंड, 1637-38. म्हणजे ही पुस्तके लिहिली गेली तेव्हा युद्ध थांबून जवळपास 40 वर्षे झाली होती. विद्या विसरली जाते आहे, या भीतीतून ती कागदावर उतरली. आपल्याकडे बहिर्जी नाईकांचे नाव घराघरांत आहे, पण त्यांची माणसे कशी घडवली जात, याची अशी पोथी आपल्या हाती उरलेली नाही. इगा आणि कोकाची उरली, हे मोठेच भाग्य आहे, आणि ते वाया घालवणे बरे नव्हे.

प्रदर्शनात दिसते त्यातले बरेचसे या पोथ्यांत सापडत नाही. डोक्यापासून पायापर्यंत काळा वेश हा काबुकी रंगमंचावरच्या काळ्या कपड्यातल्या मदतनिसांवरून आलेला आहे, असे सामान्यतः मानले जाते. शेतावर चालणारे निळे-तपकिरी कपडे हाच खरा वेश, कारण दिवसा रस्त्यात काळा पोशाख घालून फिरणाऱ्याकडे सगळे बघणार. शुरिकेनला या ग्रंथांत जवळजवळ जागाच नाही. सरळ पात्याच्या आखूड ‘निंजा तलवारी’चा त्या काळातला खात्रीचा नमुना मिळत नाही.

पाण्यावर चालण्याच्या ‘मिझुगुमो’चे गणित शाळकरी मुलगाही करू शकेल. ही लाकडी चकती साधारण 65 सेंटीमीटर व्यासाची. तिच्यातली पोकळी विसरून ती भरीव धरू, आणि जाडी उदारपणे 3 सेंटीमीटर मानू. आकारमान झाले सुमारे 10 लिटर. लाकडाची घनता पाण्याच्या निम्मी धरली, तर ती स्वतःच्या वजनाखेरीज 5 किलो उचलेल. दोन पायांना दोन चकत्या म्हणजे 10 किलो. 60 किलोचा माणूस तिच्यावर उभा राहणार कसा? चिखलात, दलदलीत वजन पसरवायला किंवा बसून पाय मारत जायला ती कदाचित उपयोगी पडली असेल. संग्रहालयांनी ही आकडेमोड मुलांसमोर फळ्यावर करून दाखवावी, असे मला मनापासून वाटते. दंतकथा पुसली गेली तरी कुतूहल कमी होत नाही, उलट मग पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो.

लढाईच्या वर्गांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 1970च्या दशकात मासाआकी हात्सुमी यांनी बुजिनकान संस्था उभी केली, तिथून निंजुत्सु, म्हणजे निंजांची विद्या, अमेरिका-युरोपात गेले, आणि आज भारतातही त्याचे वर्ग भरतात. हात्सुमी सांगतात ती तोगाकुरे परंपरा बाराव्या शतकापासून अखंड चालत आली आहे, हा दावा इतिहासकारांना पटेल अशा पुराव्यावर उभा नाही. पण वंशावळीचा वाद मी बाजूला ठेवतो. स्वसंरक्षण म्हणून तंत्रे विकली जातात आणि ती प्रतिकार न करणाऱ्या जोडीदारावर घोटवली जातात, हे खरे दुखणे. मनगट पकडणारा हात सैल सोडून उभा राहतो, तुमची तीन पावले पूर्ण होईपर्यंत थांबतो. रस्त्यावरचा माणूस थांबत नाही. ज्युदो किंवा कुस्तीत दुसऱ्या आठवड्यापासून समोरचा जोर लावतो, म्हणून तिथे काय चालते आणि काय नाही हे लवकर कळते. इथे ते वर्षानुवर्षे कळत नाही, आणि खोटा आत्मविश्वास हा मुळात आत्मविश्वास नसण्यापेक्षा घातक असतो. शिवाय ऑनलाइन मागवलेल्या धारदार तलवारीचे पाते 9 इंचांपेक्षा लांब असते. आपल्या शस्त्र नियमांत अशी पाती स्वतंत्र वर्गात येतात आणि जिथे अधिसूचना लागू आहे तिथे त्यांना परवाना लागतो. वर्ग चालवणाऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगायला हवे.

या वर्गांतले एक अंग मात्र मी कधीही टाकू देणार नाही. ते म्हणजे पडण्याची कला, उकेमी. पाय घसरला की माणूस आपोआप हात ताठ पुढे करतो, शरीराचा सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. मागे पडला तर डोके आपटते. उकेमी हीच प्रतिक्षिप्त सवय बदलते. मागे पडताना आधी हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, नितंब टाचेच्या जितके जवळ टेकवता येतील तितके टेकवायचे, आणि दोन्ही हात अंगापासून साधारण 45 अंशांवर सपाट आपटायचे, कोपर टेकू द्यायचे नाही. पुढच्या लोळणीत भार हाताच्या बाहेरच्या कडेवरून खांद्याच्या मागच्या बाजूवर आणि तिथून तिरका दुसऱ्या बाजूच्या नितंबावर जातो. पाठीच्या कण्यावरून सरळ लोळले की प्रत्येक मणका फरशी मोजतो, आणि खांद्याच्या टोकावर पडले की गळपट्टीचे हाड जाते. सुरुवात उकिडवे बसून, 4 सेंटीमीटर जाडीच्या ज्युदोच्या गादीवर. उभ्याने पडायची घाई केली की मान दुखावते, आणि विद्यार्थी पुन्हा वर्गात येत नाही. साठी ओलांडलेल्यांना लोळण्या नकोत. त्यांना भिंतीला धरून हळू खाली बसणे, कुशीवर वळणे आणि उठणे एवढेच शिकवावे. आयुष्यात हल्लेखोराशी गाठ पडेल न पडेल, ओल्या फरशीशी पडणारच.

आता पोथीच्या गाभ्याकडे येतो. बानसेनशूकाई हेरगिरीचे दोन भाग करते. ‘योनिन’ म्हणजे चेहरा उघडा ठेवून, ओळख बदलून दारातून आत जाणे. ‘इन्निन’ म्हणजे लपून, अंधारातून शिरणे. हत्यारे आणि अवजारे शेवटच्या खंडांत येतात. त्यांच्या कितीतरी आधी, सेनापतीसाठी लिहिलेल्या भागात, शत्रूचे शिनोबी आपल्या गोटात येऊ नयेत म्हणून काय करायचे याचे नियम आहेत. म्हणजे लेखकाने हल्ला आणि राखण एकाच पुस्तकात बांधली आहे. मला तर ही राखणदाराचीच पोथी वाटते.

तिच्यातले एक प्रकरण घेऊ. कोणत्या रात्री हमखास शिरता येते, अशा आठ रात्री ग्रंथ मोजून देतो. लग्नकार्यानंतरची रात्र, कारण घर दमलेले आणि प्यालेले असते. घरातला आजारी माणूस बरा झाला ती रात्र, कारण कित्येक रात्री जागलेली माणसे त्या दिवशी निवांत झोपतात. मौजमजेची रात्र. शेजारी आग लागली किंवा काही अरिष्ट घडले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. बांधकामाच्या किंवा मोठ्या कष्टाच्या कामानंतरची. घरात मृत्यू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, शोकाने थकलेली. वादळपावसाची, कारण आवाज झाकला जातो. आणि गडबड-दंग्याची. भिंत किती उंच आहे, याचा या यादीत उल्लेखही नाही. माणूस सावध कधी नसतो, एवढेच लेखकाने पाहिले आहे.

हीच यादी आजच्या घटनांवर ठेवून बघा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला 11 ऑगस्ट 2018 रोजी झाला. तो महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँकांना सुट्टी. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, मध्ये रविवार गेला, सोमवारी 13 तारखेला हाँगकाँगच्या खात्यात आणखी रक्कम वळवली गेली. एकूण नुकसान सुमारे 94 कोटी रुपये. त्याआधी फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून 95 कोटी डॉलर उचलायचा प्रयत्न झाला. चोरांनी गुरुवारची रात्र निवडली. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि पैसे जिथे पोहोचायचे त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. तीन देशांच्या सुट्ट्यांची अशी साखळी जुळवून त्यांनी 8 कोटी 10 लाख डॉलर पचवले. खुद्द इगाच्या निंजा संग्रहालयातली 150 किलोची तिजोरी 17 ऑगस्ट 2020 च्या पहाटे काही मिनिटांत पळवली गेली, तीही शनिवार-रविवारच्या गर्दीची तिकिटांची रक्कम आत असताना. आठ रात्रींतली एक तरी या तिन्ही ठिकाणी लागू पडते.

म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक पतसंस्थेने, सोसायटीने, छोट्या कारखान्याने स्वतःच्या आठ रात्री लिहून काढाव्यात. वार्षिक हिशेबाची 31 मार्चची रात्र. गणपती विसर्जनाची. सर्व्हर बदलल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार. जुना लेखापाल सोडून गेला आणि नवा रुळलेला नाही तो महिना. घरापुरते म्हणाल तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची रात्र आणि दहाव्या-तेराव्याचे दिवस. त्या-त्या वेळी कोण जागे राहील, मोठ्या रकमेला दुसरी सही कुणाची, हे आधी ठरलेले असावे. कुलूप बदलण्यापेक्षा हे स्वस्त आहे. यात एकच चूक नेहमी होते: यादी करणारा कागद कपाटात ठेवतो आणि त्या रात्रीची नावे ठरवतच नाही.

दुसरे प्रकरण माणसाच्या मनाचे. शिनोबींची परंपरा पाच भावना आणि पाच हाव सांगते. भावना म्हणजे आनंद, राग, दुःख, सुख आणि भीती. हाव म्हणजे अन्न, काम, कीर्ती, धन आणि शौक. प्रत्येक भावनेवर एकेक युक्ती. ‘किशा’ म्हणजे स्तुतीने फुलवणे, ‘दोशा’ म्हणजे चिडवून चूक करायला लावणे, ‘आयशा’ म्हणजे करुणा जागवणे, ‘राकुशा’ म्हणजे सुखाची ओढ लावणे, ‘क्योशा’ म्हणजे घाबरवणे. कोणता दरवाजा कुणाचा उघडा आहे ते ओळखायचे आणि तिथून आत जायचे.

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने गेल्या काही वर्षांत जी लूट चालली आहे, तिच्यात या युक्त्या जशाच्या तशा दिसतात. पहिला फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे. ही क्योशा. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस आणि त्याच्या जोडीला एक सौम्य ‘साहेब’, जो म्हणतो, तुमचे वय बघून मला वाईट वाटते, मी तुम्हाला सोडवतो. ही आयशा, फक्त उलटी फिरवलेली. कॅमेरा बंद करू नका, घरच्यांना सांगू नका, असे बजावून माणसाला एकटे पाडले जाते. शेवटी ‘पडताळणीसाठी’ पैसे एका खात्यात भरायला लावतात. गुंतवणुकीच्या व्हॉट्सॲप गटांत हेच काम किशा आणि धनाची हाव करतात: पहिल्या दिवसापासून तुमच्या हुशारीचे कौतुक, आणि सुरुवातीला छोटासा नफा परतही मिळतो.

यावर जाहिरातींतून सांगतात, ‘सावध राहा’. हा सल्ला फारसा चालत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला आपण घाबरलो आहोत हे त्या क्षणी कळत नसते, त्याला वाटते आपण परिस्थिती हाताळतो आहोत. शिनोबींची पद्धत इथे कामाला येते, कारण ती भावनेला नाव देते. अनोळखी माणसाशी पैशाची किंवा कागदपत्रांची गोष्ट निघाली की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पाचांपैकी कोणती? नाव सापडले की फोन ठेवायचा, दारातून बाहेर जाऊन पाणी प्यायचे, घरातल्या एका माणसाला मोठ्याने सगळे सांगायचे. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूदच नाही, त्यामुळे फोन ठेवल्याने काहीही बिघडत नाही. पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. ज्येष्ठ नागरिक संघांनी या पाच भावनांची नाटुकली बसवून आपापसांत खेळावी. दोनदा फसवले जाण्याचा सराव झालेला माणूस तिसऱ्यांदा सहज फसत नाही.

तिसरी गोष्ट परवलीच्या शब्दाची, ‘आयकोतोबा’ची. पहारेकऱ्याने एक शब्द म्हणायचा, आतल्या माणसाने ठरलेला दुसरा. हे तर जगभर होते. शिनोबींच्या परंपरेत त्याच्यावर आणखी एक पदर आहे. ठरलेला शब्द उच्चारला की सगळ्यांनी एकदम उठायचे किंवा एकदम बसायचे. शब्द चोरून ऐकलेला हेरसुद्धा इथे क्षणभर मागे पडतो आणि पकडला जातो. याला ‘ताचिसुगुरी-इसुगुरी’ म्हणतात. शब्द चोरता येतो, पण कृती आधीपासून माहीत असावी लागते.

आता मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून ‘आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ असा फोन करता येतो. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला आयकोतोबा हवा. तो ठरवताना लोक जन्मतारीख, कुत्र्याचे नाव, गावाचे नाव घेतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण हे सगळे फेसबुकवर असते. डोंगर म्हटले की नदी, असली सहज सुचणारी जोडीही नको. ‘कढई’ला उत्तर ‘सप्टेंबर’ अशी, काही संबंध नसलेली जोडी हवी. ती समोरासमोर बसून ठरवावी, व्हॉट्सॲपवर कधीच टाइप करू नये. सहा महिन्यांनी बदलावी. आणि महिन्यातून एकदा साध्या फोनवर विचारून बघावी, नाहीतर गरजेच्या वेळी आजीला शब्द आठवत नाही आणि सगळी योजना तिथेच कोसळते. इसुगुरीच्या धर्तीवर एक कृतीही ठरवता येईल: पैशाचा फोन आला की आपण ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या क्रमांकावर स्वतः परत लावायचा. खरा मुलगा याला हरकत घेणार नाही. चोर घेईल.

योनिनच्या बाजूने शोनिन्कीने सात वेश सांगितले आहेत: बासरी वाजवत फिरणारा कोमुसो, भिक्षू, डोंगरात तप करणारा यामाबुशी, व्यापारी, रस्त्यावरचा खेळवाला, सारुगाकू या जुन्या नाट्यप्रकारातला नट आणि सातवा, सगळ्यात महत्त्वाचा, साधा माणूस. वेश म्हणजे कपडा नाही. व्यापारी व्हायचे तर मालाचा भाव, वजनाची रीत, बोलीतला लकब हे सगळे यायला हवे. हे न जमल्यास काय होते, ते शिमाबाराने दाखवले. कोकातले दहा जण शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सैन्याबरोबर गेले. खंदकाची खोली, भिंतीची उंची, तटापर्यंतचे अंतर त्यांनी मोजून आणले, रात्री आत शिरून निशाणही पळवले. पण बंडखोरांमध्ये मिसळून राहणे त्यांना जमले नाही, कारण क्यूशूची बोली आणि ख्रिस्ती प्रार्थनेतले शब्द त्यांना कळत नव्हते. बांगलादेशच्या चोरीतही हेच झाले. श्रीलंकेला जाणारे 2 कोटी डॉलर अडले, कारण चोरांनी ‘फाउंडेशन’ हा शब्द चुकीचा लिहिला आणि मधल्या बँकेतल्या कुणीतरी तो थांबून वाचला. भाषा ही पहाऱ्याची जुनी जागा आहे. बँकेच्या नावाने आलेल्या संदेशातले मराठी कानाला खटकले, तर त्या खटकण्यावर विश्वास ठेवावा.

शरीराच्या साधनेविषयी थोडे. ‘फुताए-इबुकी’ म्हणजे दुहेरी श्वास. आत, बाहेर, बाहेर, आत, बाहेर, आत, आत, बाहेर, अशा आठ टप्प्यांचे चक्र चालताना किंवा धावताना पावलांशी जुळवतात. पहिल्या दिवशी धावत करू नये. बसून, मग चालत, मग धावत. लय चुकते ती दुसऱ्या ‘बाहेर’ला, कारण पहिल्यातच सगळा श्वास संपवून टाकलेला असतो. संपूर्ण लक्ष मोजण्यात गुंतल्याने थकव्याकडे ध्यान जात नाही, हा तिचा मुख्य फायदा असावा, असे मला वाटते. दुसरी साधना लांब श्वासाची, नाकापुढे धरलेला हलका कागद हलू नये इतका सावकाश. मिए विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अतिशय लांबवलेल्या निःश्वासाचा मेंदूच्या लहरींवर आणि स्वायत्त मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो ते तपासले आहे. चार आकडे आत, आठ आकडे बाहेर, एवढ्यापासून सुरू करावे. जोर लावून खोल आणि भरभर श्वास घेतला तर चक्कर येते.

रिन, प्यो, तो, शा, काई, जिन, रेत्सु, झाई, झेन या नऊ अक्षरांच्या ‘कुजी’भोवती अद्भुताचे फार मोठे धुके आहे. मूळ मंत्र चौथ्या शतकातल्या चिनी ताओ ग्रंथातला, डोंगरात शिरताना म्हणायचा. पुढे तो यामाबुशींच्या साधनेत मिसळला आणि त्याला मुद्रांची जोड मिळाली. शिनोबी ज्या मारिशितेनची उपासना करत, ती तर आपल्याच बौद्ध परंपरेतली मरीची, प्रकाशकिरणांची देवता. कुजीने अदृश्य होता येत नाही. पण संकटात हात थरथरत असताना नऊ ठरलेल्या कृती त्याच क्रमाने करणे मनाला ताळ्यावर आणते. तेवढ्यासाठी तो ठेवावा, आणि जो गुरू त्याच्या नावाखाली सिद्धी विकतो त्याच्यापासून दूर राहावे.

अन्नाच्या कृतींतही असाच विवेक लागतो. ‘किकात्सुगान’ ही भुकेची गोळी. जिनसेंग, कुट्टूचे पीठ, गव्हाचे पीठ, कोनफळासारखा डोंगरी कंद, ज्येष्ठमध, कसईचे दाणे, चिकट तांदळाचे पीठ, हे सारे 3 शो म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपास साकेत, म्हणजे तांदळाच्या दारूत, तीन वर्षे भिजवायचे, साके आटले की पीचच्या बीएवढ्या गोळ्या करायच्या, दिवसाला तीन. तीन गोळ्यांनी माणसाचे दिवसाचे पोषण होत नाही, हे तिच्या आकारावरूनच कळते. तगून राहायला, धीर टिकवायला ती होती. ‘सुईकात्सुगान’ तहानेची: खारवलेल्या उमे या आंबट फळाचा गर, 2 मोन्मे म्हणजे साडेसात ग्रॅम खडीसाखर, 1 मोन्मे बाकुमोंदो नावाचे मूळ. आंबटाने तोंडाला पाणी सुटते, घसा ओला राहतो. शरीरातले पाणी मात्र वाढत नाही. सह्याद्रीत उन्हाळी भटकंतीला जाणाऱ्याने आवळा सुपारी तोंडात जरूर धरावी, पण त्या भरवशावर पाण्याची बाटली घरी ठेवू नये.

चोरीची विद्या शिकवली तर चोर वाढतील, असा आक्षेप येतो. फुजिबायाशींना तो ठाऊक होता. बानसेनशूकाईत ‘सेइशिन’, म्हणजे मन सरळ ठेवणे, हा विषय सर्व अवजारांच्या आधी येतो. शिनोबीचे काम चोराच्या कामासारखेच दिसते, फरक केवळ कशासाठी करतो याचा, असे तो ग्रंथ स्वतःच मांडतो. आणि व्यवहारात बघितले तर चोरांना या पोथ्यांची गरजच नाही, त्यांची विद्या त्यांना येतेच. अडाणी आहोत ते राखण करणारे आपण.

त्यामुळे कावाकामींना वारस मिळाला नाही तरी विद्या संपेल, असे मी मानत नाही. 2017 मध्ये मिए विद्यापीठाने निंजा-संशोधनाचे केंद्र उघडले, पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि 2020 मध्ये तिथून पहिली पदवी दिली गेली. त्या विद्यार्थ्याने अभ्यासाबरोबर शेतीही केली, कारण शिनोबी मुळात शेतकरी होते. ही दिशा योग्य आहे. आपल्याकडे जे वर्ग चालवतात, त्यांनी तीन महिन्यांचा साधा क्रम करून बघावा. पहिला महिना पडणे, श्वास, निःशब्द चालणे. दुसरा महिना निरीक्षण: अनोळखी खोलीत एक मिनिट उभे राहायचे, बाहेर येऊन दारे, खिडक्या, माणसे आणि त्यांच्या पायातली पादत्राणे सांगायची. आकडे लक्षात ठेवताना ते अंगावर मांडायचे, डोके एक, कपाळ दोन, डोळे तीन, असे वरून खाली. तिसरा महिना पाच भावना, आठ रात्री आणि आयकोतोबा. तलवारीला पहिल्या वर्षी हात लावू द्यायचा नाही. परीक्षा एकच: वर्गातल्याच कुणीतरी, महिन्यातल्या कुठल्याही दिवशी, न सांगता, विद्यार्थ्याला फोन करून त्याच्याकडून ओटीपी काढून घेण्याचा प्रयत्न करायचा.